पेन्सिलभर फट

आमच्या ताईला कुणी विचारलं, "बाई, अंगणात लाकडी डेक घालायचाय, कोणती फळी चांगली?", की ती आधी त्या माणसाच्या पायांकडे बघते. घरात अनवाणी चालता का? कुत्रा आहे का? म्हातारं माणूस आहे का, आणि असेल तर काठी टेकतं का? ऊन कोणत्या बाजूने येतं? माणूस बिचारा भाव ऐकायला आलेला असतो आणि ही सोयरीक जमवायला बसल्यासारखी चौकशी करत असते. मग टेम्पोतून नमुन्याचे तुकडे काढते, उन्हात मांडते, प्रत्येकावर तांब्याभर पाणी ओतते आणि गिऱ्हाइकाला चपला काढून त्यावर उभं करते. मोठमोठे साहेब आमच्यासमोर एका पायावर नाचलेले मी पाहिले आहेत.

मी तिचा धाकटा भाऊ. टेम्पो चालवतो, टेपचं दुसरं टोक धरतो, फोन घेतो आणि भडकतो. भडकायचं खातं घरात माझ्याकडेच आहे. मी पटकन पेटतो आणि चहा येईपर्यंत विझतो. ताईचं तसं नाही. ती राग नीट घडी घालून ठेवून देते. तिसरीत असताना एका मुलीने तिच्या वहीवर मुद्दाम शाईची बाटली सांडली होती. ताईने दहावीच्या निरोप समारंभापर्यंत वाट बघितली. त्या दिवशी ती मुलगी पांढराशुभ्र पोशाख घालून आली होती. पुढचं सांगत नाही. आई अजूनही म्हणते, "ही कुणावर गेलीय देव जाणे. हिचे बाबा म्हणजे गरीब गाय!"

बाबा सुतार. उघड्यावरच्या लाकडी कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. कानावर कायम पेन्सिल, म्हणून बाजारात त्यांना पेन्सिलराव म्हणत. ती पेन्सिल नुसती खुणा करायला नव्हती. दोन फळ्यांमध्ये किती जागा सोडायची याचं मापही तीच. पेन्सिल आरपार गेली की फट बरोबर. "लाकूड मेलं तरी पाणी पितं," बाबा म्हणायचे. "प्यायलं की फुगतं. फुगायला जागा ठेवली नाहीत तर ते वर उठतं. मग त्याला दोष देऊ नका."

त्यांची आणखी एक पद्धत होती. शेवटची फळी ठोकायच्या आधी ते ती पालथी करून त्या फळीच्या पोटावर लिहायचे. कोणतं लाकूड, किती सुकलेलं, हवा कशी होती. मग पेन्सिल घरमालकाच्या हातात द्यायची, की तुम्हीही काहीतरी लिहा. कुणी मुलांची नावं लिहायचं, कुणी नुसती सही. मग फळी सुलटी करून ठोकायची. ते लिहिलेलं पुन्हा कुणाला दिसत नसे आणि बाबांना त्यातच गंमत वाटायची.

एकोणीस वर्षांपूर्वी बाबांनी एका वकिलाच्या घरामागे डेक घातला. वकील तेव्हा ऐन भरात होता. बोलायला लागला की समोरच्याने आपलं म्हणणं घडी करून खिशात घालायचं. त्याला फट नको होती. "पेन्सिल जाईल तिथून किल्ली जाईल, कचरा जाईल, झुरळं वर येतील. मला सपाट पाहिजे. काचेसारखं." बाबांनी सांगून पाहिलं, पण ते आधीच कमी बोलणारे, आणि समोर बोलण्यावर जगणारा माणूस. शेवटी त्यांनी फळ्या एकमेकींना चिकटवून ठोकल्या.

पावसाने आठ दिवस झोडपलं. फळ्या फुगल्या आणि मधूनच कमानीसारख्या उठल्या. वकिलाची म्हातारी आई दोरीवरचे कपडे काढायला गेली, ठेच लागून पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. वकील भर बाजारात आला. स्क्रू-खिळ्यांच्या दुकानासमोर उभं राहून बाबांना म्हणाला, "कुजकं लाकूड घातलंस माझ्या घरात! माझ्या आईला अधू केलंस!" दुकानदार काका म्हणजे गावाचा रेडिओ. संध्याकाळपर्यंत पेन्सिलरावांचे 'कुजक्या सुतार' झाले.

दुसऱ्या दिवशी बाबा त्याच्या फाटकावर गेले. मी सोबत होतो. बाबा म्हणाले, "साहेब, मला एकच फळी उचलू द्या. शेवटची." वकिलाने फाटक लावून घेतलं. मला वाटलं, बाबा दुरुस्ती करून देणार होते. बाबा घरी आले, कानावरची पेन्सिल काढून त्यांनी फडताळात ठेवली. त्यानंतर आजवर ते एका कारखान्यात माल भरायची खोकी ठोकत आले. आम्ही कधी विचारलंच तर एवढंच म्हणायचे, "त्याने काहीही सांगितलं असेल, ठोकणारे हात माझे होते. म्हातारीचं हाड माझ्यामुळे मोडलं."

खरं सांगायचं तर आम्हा भावंडांच्या पोटात एक काटा होता. लाकूड खरंच वाईट तर नव्हतं? कुणी फसवून बाबांच्या गळ्यात मारलं असेल तर? हा प्रश्न आम्ही कधी तोंडाबाहेर काढला नाही. ताईने मात्र बाबांचा रंधा उचलला आणि त्यांचाच धंदा सुरू केला. अकरा वर्षं ती स्क्रू त्याच रेडिओकाकांच्या दुकानातून घेते. मी एकदा वैतागून म्हणालो, "त्याच्याकडूनच का?" ती म्हणाली, "असू दे. हाताशी असलेला बरा."

तर गेल्या महिन्यात फोन आला.

"डेकवाल्या बाईंचा नंबर का? मागच्या अंगणात जुना डेक आहे, तो काढून नवा घालायचाय. डॉक्टरांनी हाडांसाठी ऊन खायला सांगितलंय. रोज दुपारी तासभर, अनवाणी." आवाज म्हातारा झाला होता, पण 'सांगितलंय' म्हणताना समोरच्याला तुरुंगात टाकायची सवय गेली नव्हती. पत्ता त्याच फाटकाचा होता. मी 'विचारून सांगतो' म्हणून फोन ठेवला.

मी ताईला म्हटलं, "सरळ नाही म्हणून टाकतो. नाहीतर शिव्या घालून नाही म्हणतो."

ताई नमुन्याच्या तुकड्यांवरची धूळ पुसत होती. "हो म्हण," ती म्हणाली. "मी त्याला फळी निवडून देते."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने आमच्या पत्र्यावर चार तुकडे ठेवले. साग, औषध मुरवलेलं पाइन, लाकडाचा भुसा नि प्लास्टिक मिसळून केलेली फिकट रंगाची फळी आणि तसलीच एक काळी. चारींवर मेणबत्तीचे तुकडे उभे केले. सागावरची मेणबत्ती जरा मऊ झाली. काळ्या फळीवरची आडवी झाली आणि तिचं थारोळं झालं. मी बोट लावलं आणि बोंबललो.

"त्याचं अंगण दक्षिणेला आहे," ताई म्हणाली. "वर झाड नाही, छप्पर नाही."

"दुपारी तासभर, अनवाणी," मी म्हणालो. मला इतका आनंद झाला की तिच्या पाया पडावंसं वाटलं. पण मग मनात आलं ते बोलूनही गेलो, "ताई, तू गिऱ्हाइकाशी कधी खोटं बोलली नाहीस."

"बोलणार कुठे आहे? गप्प बसणार आहे. त्याला सांगून काय उपयोग होतो, ते बाबांना विचार."

वकिलाने आम्हाला ओळखलं नाही. सुताराला मुलंबाळं असतात हे त्याच्या कधी ध्यानात आलं असेल असं वाटत नाही. घर तेच, फक्त रंग उडालेला. बायको आणि आई दोघी गेलेल्या, तो एकटा काठी टेकत पुढे. मागच्या अंगणात हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरलेलं होतं आणि त्याच्या खाली बाबांचा डेक. एकोणीस वर्षं त्याने तो काढलाही नव्हता आणि वापरलाही नव्हता.

"मागच्या वेळी एका भामट्याने लुबाडलं मला," तो म्हणाला. "सगळं कुजकं लाकूड. म्हणून या वेळी लाकूड नकोच." मी जीभ इतकी चावली की रक्ताची चव आली. ताईने शांतपणे चार तुकडे मांडले. तो काळ्यावर काठी ठेवून म्हणाला, "हे. हे भारदस्त दिसतं."

"छान दिसेल," ताई म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने गिऱ्हाइकाला चपला काढायला सांगितलं नाही.

"आणि जुन्या लाकडाचं?" मी विचारलं.

"न्या, जाळा, काय वाटेल ते करा. माझ्या डोळ्यांसमोरून घालवा."

सोमवारी काळ्या फळ्या टेम्पोत भरून आम्ही गेलो. वकील आत वर्तमानपत्र वाचत होता. आम्ही प्लास्टिकचं गवत गुंडाळलं. खालून काळपट, मेणचट फळ्या दिसल्या आणि माझा धीर खचला. बघायलाच नको होतं असं झालं. ताईने पेचकस घेतला, पहिल्या फळीवर टेकवला आणि सगळा भार दिला.

तो आत गेला नाही.

तिने दुसरीवर दिला, तिसरीवर दिला. नळाखालच्या चार फळ्या गेल्या होत्या, त्या कुठल्याही गेल्या असत्या. बाकी एकीतही पेचकस नखभर रुतेना. तिने पहारीने एक फळी उचलली, गुडघ्याखाली धरली आणि बाबांचा रंधा फिरवला. काळी साल गेली आणि आतून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं. वासही ताजा आला. मी तिथेच मांडी घालून बसलो आणि रडलो. लाज कसली त्यात? एकोणीस वर्षं मी माझ्या बापावर संशय घेतला होता, त्याचं रडू होतं ते.

ताई रडली नाही. ती ओळीने फळ्या उचलत सुटली. मागच्या दाराच्या उंबऱ्याशी शेवटची होती. तिने ती पालथी केली आणि तशीच थांबली.

पोटावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. ना ऊन लागलेलं, ना पाऊस. वर बाबांचं बाळबोध अक्षर: 'सागाचा गाभा. नीट सुकलेला. ऊन कडक. फट ठेवा म्हणालो.' आणि त्याखाली ऐटबाज, तिरकं, लफ्फेदार: 'सुताराची फटींबाबतची हरकत तीन वेळा ऐकून घेतली व तिन्ही वेळा फेटाळली. परिणामांस मी स्वतः जबाबदार.' खाली सही. सही अशी की तिला दोन खोल्या लागाव्यात.

म्हणून बाबांना शेवटची फळी उचलायची होती. म्हणून त्याने फाटक लावलं. म्हणून गवत अंथरलं. आणि इतकी वर्षं कुजकं, कुजकं म्हणत आला की ते खरंच कुजून गेलं असणार अशी त्याची खात्री पटली असावी. नाहीतर आम्हाला आत घेतलं नसतं त्याने.

मी पहार उचलली. ताईने माझ्या हातातून काढून घेतली. "काळ्या फळ्या परत पाठव," ती म्हणाली. मग फळी उचलून आत गेली आणि वकिलाच्या वर्तमानपत्रावर ठेवली.

त्याने चष्मा सरसावला, वाचलं आणि त्याच्या मानेवरची शीर उडायला लागली. "अहो, ही... ही थट्टा होती. तो सारखा फट, फट करत होता, म्हणून गमतीने लिहिलं."

"आमचे बाबा एकोणीस वर्षं खोकी ठोकतायत," ताई म्हणाली.

तो आमच्या तोंडाकडे बघत राहिला. "म्हणजे तुम्ही त्या कुजक्या..." एवढं बोलून थांबला.

"आता फळीचं सांगते," ताई म्हणाली, "परवा सांगितलं नव्हतं ते. काळी फळी तुमचे तळवे भाजून काढेल. पाइन या जागेत दहा वर्षं टिकलं तर नशीब. फरशी म्हणाल तर तुमच्या काठीला घसरेल. या अंगणाला लागणारं लाकूड या अंगणातच आहे. रंधा मारते, पालथं करून घालते, मध्ये पेन्सिलभर फट ठेवते. तुमच्या जन्माला पुरून उरेल. पण ही फळी रंधायची नाही. नुसतं तेल द्यायचं आणि दारासमोर घालायची, अक्षरं वर करून."

"दारासमोर? लोक येतात माझ्याकडे!"

"म्हणूनच."

"अक्षरं खाली ठेवा. तुम्हाला हवे तेवढे पैसे देतो."

"एकोणीस वर्षं खालीच होती."

मग त्याच्यातला वकील जागा झाला. "फळी माझी आहे. माझ्या घरातली आहे."

"न्या, जाळा, काय वाटेल ते करा, असं तुम्हीच म्हणालात. भावाने ऐकलंय."

"भावाची साक्ष कोण धरतो?"

"मग फळी घेऊन बाजारात जाते," ताई म्हणाली. "तिथे दुसरे साक्षीदार पुष्कळ मिळतील."

त्याने काठीची मूठ दोनदा फिरवली. हरायची सवय नसल्यामुळे त्याला ते जड जात होतं. शेवटी हलकेच म्हणाला, "घाला."

"आणि घालायला बाबा येतील. फाटक तुम्ही उघडायचं."

काम सहा दिवस चाललं. नळाखालच्या चार फळ्या तेवढ्या नव्या आणल्या. घरी बाबांना आम्ही सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, "हं" म्हणाले आणि झोपायला गेले. मला वाटलं, येणार नाहीत. गरीब गाय. शनिवारी सकाळी बघतो तर पांढरा सदरा घालून टेम्पोत बसलेले. कानावर पेन्सिल.

ताईने त्या सकाळी रेडिओकाकांना फोन केला होता, की दोन डबे स्क्रू कमी पडतायत, स्वतः घेऊन या. स्क्रू भरपूर होते. आम्ही पोचलो तेव्हा काका फाटकाशी घाम पुसत उभे होते. बाबांना बघून त्यांनी नजर डब्यांकडे वळवली. काठी टेकत वकील आला. कडी त्याच्याने लवकर निघेना. आमच्यापैकी कुणीही हात लावला नाही.

बाबांनी चपला काढल्या आणि डेकवर चढले. वाकून इथे तिथे फटीत पेन्सिल घालून बघितली. एका ठिकाणी ती अडली. "ही तंग आहे," ते ताईला म्हणाले. चाळीस वर्षांची ताई शाळेतल्या पोरीसारखी लाल झाली आणि तिने निमूटपणे ती फळी सैल करून पुन्हा बसवली. मग दारासमोरची शेवटची फळी. बाबांनी ती स्वतः मांडली, अक्षरं वर करून, आणि सहा स्क्रू स्वतः पिळले. उठून उभे राहिले. खाली बघत डोळे बारीक केले.

"काय लिहिलंय हो हे?"

मी म्हणालो, "बाबा, तुम्हाला तर..." आणि ताईने माझ्या पायावर पाय दिला.

"चष्मा घरी राहिला," बाबा वकिलाला म्हणाले. "साहेब, तुमचंच अक्षर दिसतंय. तुम्हीच वाचा. जरा मोठ्याने वाचा, काकांना कमी ऐकू येतं."

काकांना मुंगीचं चालणंही ऐकू येतं. पण ते लगेच पुढे सरकले. वकील काठीवर वाकला आणि वाचायला लागला. 'फेटाळली' या शब्दाला त्याचा आवाज बसला.

"शेवटचं नीट कळलं नाही," बाबा म्हणाले. "पुन्हा."

त्याने पुन्हा वाचलं. शेजारच्या घराची खिडकी उघडली.

बाबा त्याच्याकडे बघत उभे होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना कुणाच्याही डोळ्याला डोळा भिडवताना पाहिलं नव्हतं. "मी तुम्हाला तीनदा सांगितलं होतं, साहेब," ते म्हणाले. "आणखी एकदा."

तिसऱ्यांदा वाचताना मात्र प्रत्येक शब्द स्पष्ट आला, 'जबाबदार'सुद्धा. रेडिओकाकांनी स्क्रूचे डबे तिथेच ठेवले आणि ते बाजाराकडे जवळजवळ पळतच गेले.

परत निघताना टेम्पोत आम्ही तिघं पुढे बसलो होतो. गल्ली संपून वळण आलं, तसा बाबांनी सदऱ्याच्या खिशातून चष्मा काढला, टोकाने पुसला आणि डोळ्यांवर चढवला. मी गाडी चालवायची विसरलो. ताई त्यांच्याकडे आ वासून बघत होती.

बाबा समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "तुला काय वाटलं, तुझा स्वभाव तुझ्या आईवर गेलाय?"